लाँग लेग, शॉर्ट लेग

"तू कॉन्व्हेंटची ना? मग झालं! इंग्रजीचा तास तुझा."

एनएसएसच्या शिबिराची कामं वाटली जात होती. सरांनी माझ्याकडे बघून हे एकच वाक्य उच्चारलं आणि यादीत माझ्या नावापुढे खूण केली. कुणाला शोषखड्डे मिळाले, कुणाला नालीसफाई, कुणाला पथनाट्य. मला मिळालं इंग्रजी! मनात म्हटलं, चला, फावड्यापासून तरी सुटका झाली. (ती झालीच नाही. सकाळचं श्रमदान सगळ्यांनाच होतं.)

शिबिर होतं घाटंजी तालुक्यातल्या एका छोट्या गावात. जानेवारीचे दिवस, घराघरात कापसाचे ढीग. गावाला लागूनच एक कोलाम पोड. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, खोल्या दोन आणि शिक्षकही दोन. पटावर २८ मुलं, पण कापसाची वेचणी चालू, त्यामुळे रोज वर्गात वीस-बावीसच.

आता माझी तयारी ऐका. मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी, तेव्हा टेक्नॉलॉजी वापरल्याशिवाय चैन कसं पडणार? होस्टेलवर दोन रात्री जागून ४२ स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलं. ॲपल गिरक्या घेत यायचं, बॉल टप्पे खात यायचा, कॅट तर म्याँव करायची. कॉलेजचा प्रोजेक्टर मिनतवाऱ्या करून मागून आणला. रूममेट म्हणाली, "अवं, हे पाहून तं मीच इंग्रजी शिकून जाईन!"

पहिला दिवस झकास गेला. खिडकीला चादर लावून अंधार केला. स्लाइड आली की मी म्हणायची, "धिस इज ॲन ॲपल," आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "धिस इज ॲन ॲपल." काय ते उच्चार, काय तो आवाज! मी हवेत. २६ व्या स्लाइडला मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "ताई, लाईन गेली."

लाईन गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. मग मुलांना घेऊन बाहेर अंगणात आले. समोर बाभळीला एक बकरी बांधलेली. चौथीतल्या एका मुलाला विचारलं, "व्हॉट इज धिस?" तो गप्प. दुसऱ्याला विचारलं. तोही गप्प. तिसऱ्याने खूप विचार करून, हात मागे बांधून, खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "धिस इज ॲन ॲपल!"

मंडळी, हसू नका. मीही हसले नाही. कारण त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. 'व्हॉट इज धिस' विचारलं की 'धिस इज ॲन ॲपल' म्हणायचं, एवढंच मी त्याला दोन तास शिकवलं होतं.

संध्याकाळी चहा घेताना शाळेतले सर म्हणाले, "मॅडम, पोट्ट्यांचं पाठांतर पक्कं आहे. कविता म्हणतात, स्पेलिंग लिहितात. पण बोलतीन कोनासोबत? अन् पोडावरच्या लेकरांची तं घरची बोली कोलामी. त्यांना शाळेत आल्यावर आधी मराठीच नवी. इंग्रजी म्हणजे तिसरं घर."

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. पण कोलामी ही मराठीच्या कुळातली भाषाच नाही. ती द्राविडी कुळातली, म्हणजे तेलुगू-गोंडीच्या नात्यातली. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या ३ जमाती विशेष दुर्बल मानल्या आहेत, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामही आहेत. म्हणजे माझ्यासमोर बसलेलं सहा-सात वर्षांचं पोर घरी एक भाषा बोलतं, शाळेत दुसरी ऐकतं आणि तिसरीत 'ॲपल' म्हणतं. आणि मी त्याला मांजराचं म्याँव ऐकवून खूश!

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले होते, म्हणजे असं मला वाटत होतं. आज प्रोजेक्टर नको, मोबाईल. त्यात एक ॲप टाकून आणलं होतं. चित्र दिसतं, आपण शब्द म्हणायचा, बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली आणि 'टुंग' असा आवाज. मुलं तुटून पडली. रांग लावली. पहिल्या तिघांना हिरवी खूण मिळाली. चौथी होती निळ्या फ्रॉकातली एक मुलगी, तिसरीत शिकणारी, पोडावरची. तिने हळूच काहीतरी म्हटलं. टुंग! पुन्हा म्हटलं. टुंग! मागची मुलं हसली. ती रांगेतून निघून भिंतीकडे जाऊन बसली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. ना इंग्रजी, ना मराठी.

त्या रात्री समाजमंदिरात सतरंजीवर पडल्यापडल्या मला झोप येईना. तो 'टुंग' माझ्या ओळखीचा होता.

खरं सांगू? माझ्या शाळेत मैदानावर मराठी बोललं तर ५ रुपये दंड होता. आम्ही बोलायचो नाही. इंग्रजी छान आलं, नाही असं नाही. पण मराठी राहिलीच. आकडे तर विचारूच नका. फर्स्ट इयरला मेसच्या काकूंनी "एकोणसत्तर रुपये झाले" म्हटलं, तेव्हा मी बराच वेळ विचार करून त्यांच्या हातात ५९ ठेवले होते. मागच्या रांगेत जो हशा पिकला, त्यानंतर दोन महिने मी मेसमध्ये फक्त मान हलवायची. आजही एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी आले की पोटात गोळा येतो. हा लेखसुद्धा रूममेटने दोनदा तपासलाय.

आणि ती रूममेट! जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. रूट लोकसचं गणित ती मला रात्री एक वाजता वऱ्हाडीत असं समजावून सांगते की सरांनीही ऐकावं. पण व्हायवाला एक्स्टर्नलने इंग्रजीत प्रश्न विचारला की हिच्या तोंडाला कुलूप. उत्तर येत असतं. वाक्य येत नसतं. मार्क मात्र उत्तराचे जातात. अशी कुलपं आपल्या होस्टेलमध्ये किती आहेत, हे ज्याचं त्याने मोजावं.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे ना स्लाइड होती, ना ॲप. बॅगेत होता फक्त मिनी प्रोजेक्टचा डबा. त्यात मूठभर एलईडी आणि काही बटण सेल, ते नाण्यासारखे चपटे ३ व्होल्टचे. म्हटलं, चला, हेच.

मुलांचे चार-चारचे गट केले. प्रत्येक गटाला एक सेल आणि एक एलईडी. आपल्याला माहीतच आहे, एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्हला लावावा लागतो, आखूड पाय निगेटिव्हला. उलटं लावलं तर दिवा लागत नाही. (रेझिस्टर कुठे गेला, असं विचारणाऱ्यांसाठी: या छोट्या सेलचा अंतर्गत रोध इतका असतो की थोडा वेळ एलईडीला काही होत नाही.) मी मराठीत काहीच समजावलं नाही. हातात धरून दाखवलं आणि म्हटलं, "लाँग लेग. शॉर्ट लेग. लाँग लेग, प्लस. शॉर्ट लेग, मायनस. पुट. प्रेस."

एका गटाचा दिवा लागला. लाल! अशी काही आरडाओरड झाली की शेजारच्या खोलीतले सर धावत आले. मी म्हटलं, "लाइट ऑन!" सगळे ओरडले, "लाइट ऑन!" दुसऱ्या गटातला मुलगा रडकुंडीला आला होता, "ताई, माहा नाही लागून राह्यला!" मी फक्त बोट फिरवून म्हटलं, "टर्न." त्याने उलटवला. लागला.

मी भिंतीकडे बघितलं. निळ्या फ्रॉकवाली आता भिंतीपाशी नव्हती. ती एका गटात घुसून दुसऱ्या मुलाच्या हातातला सेल बघत होती. त्याचा दिवा लागत नव्हता. तिने त्याच्या हाताला धरलं आणि म्हणाली, "लाइट नॉट ऑन. शॉर्ट लेग धिस. टर्न."

माझ्यातली कॉन्व्हेंटची मॉनिटर लगेच जागी झाली. 'द लाइट इज नॉट ऑन' असं म्हण, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. आयुष्यात इंग्रजीच्या बाबतीत मी केलेलं हे सगळ्यात अवघड काम असावं! कारण ते वाक्य तिला कुणी पढवलेलं नव्हतं. तिने ते स्वतः जोडलं होतं आणि एका माणसाला उद्देशून, एका कामासाठी वापरलं होतं. दिवा लागला. म्हणजे वाक्य बरोबर होतं!

आपण थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिम शिकतो. पंखा हा ओपन लूप. तो फिरत राहतो, खोली गार झाली की नाही याचं त्याला सोयरसुतक नाही. फ्रीज हा क्लोज्ड लूप. आतलं तापमान मोजतो आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलतो. माझ्या ४२ स्लाइड्स म्हणजे पंखा होता. ॲपने मोजमाप केलं खरं, पण ते मोजमाप मुलीला सुधारायला उपयोगी पडलं नाही, तिला चारचौघांत नापास करायला पडलं. एलईडीने मात्र लूप पूर्ण केला. दिवा हसत नाही, रागावत नाही, मार्क कापत नाही. तो फक्त लागत नाही. मग आपण पाय उलटवतो आणि पुन्हा बघतो. चूक आणि सुधारणा यांच्यामध्ये लाज यायला वेळच मिळत नाही.

चौथ्या दिवशी मोबाईल पुन्हा बाहेर काढला, पण आता साधा रेकॉर्डर. मुलांनी दिवा लावता लावता बोलायचं आणि नंतर स्वतःचा आवाज ऐकायचा, बस्स. आधी सगळे लाजले. पण मग एकदा स्वतःचा आवाज ऐकला की चेहऱ्यावर जे काही होतं ना! निळ्या फ्रॉकवालीने फोन कानाला लावून आपलं वाक्य ऐकलं, भुवया आक्रसल्या आणि म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्यांदा ऐकलं. "पुन्हा." पाचव्यांदा तिनेच मान डोलावली. पाच वेळांत मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिची चूक तिच्याच कानाने पकडली होती.

मग तिने माझीही परीक्षा घेतली. दिव्याला कोलामीत काय म्हणतात ते सांगितलं आणि मला म्हणायला लावून रेकॉर्ड केलं. पोडावरची मुलं जमिनीवर लोळून हसली. "पुन्हा," ती म्हणाली. मी सात वेळा म्हटलं. तो शब्द इथे लिहीत नाही, कारण मी लिहिला तर चुकीचाच लिहीन. पण गंमत सांगते, या हसण्याचा मला राग आला नाही. आता शिकवणारी ती होती आणि शिकणारी मी, हिशोब बरोबर झाला होता.

पाचव्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या आणि होड्या झाल्या. फोल्ड, ओपन, टर्न, कट, प्रेस हे शब्द हातांनीच शिकून घेतले. रात्री शेवटच्या कार्यक्रमात पथनाट्य झाल्यावर आम्ही मुलांचं रेकॉर्डिंग मंदिराजवळच्या मोठ्या स्पीकरवर लावलं. 'लाँग लेग, प्लस. शॉर्ट लेग, मायनस. प्रेस. लाइट ऑन!' अंधारात त्याच वेळी वीस मुलांच्या हातांत वीस छोटे दिवे लागले. निळ्या फ्रॉकवालीची आई मागे उभी होती. दिवसभर कापूस वेचून आलेली. ती कोलामीत काहीतरी म्हणाली. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "पुन्हा लावा म्हणते."

शिबिराहून परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली. वाटलं होतं की आपण काही नवीन शोध लावला! छे. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच सांगून ठेवलंय की लहान मूल आधी ऐकतं, ऐकून हालचाल करतं आणि बोलतं ते त्यानंतर. 'ऊठ, बस, दार उघड' अशा आज्ञा पाळत पाळत परकी भाषा शिकवायची त्याची पद्धत 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' या नावाने जगभर वापरतात. म्हणजे माझं 'पुट, प्रेस, टर्न' म्हणजे तेच.

आणि त्याहून जवळची गोष्ट तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणारी 'नई तालीम' तिथून पुढे आली. गंमत म्हणजे त्या योजनेत मुलांना सगळं शिकवायचं होतं, फक्त इंग्रजी वगळून! गांधीजींनी वगळलेला विषय मी त्यांच्याच पद्धतीने शिकवत होते. बापू रागावले असते की हसले असते, कोण जाणे.

टेक्नॉलॉजीचंही तसंच. १९८० च्या दशकात केनियात पहिल्या तीन इयत्तांच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवलं गेलं. रेडिओ प्रश्न विचारायचा आणि मग चक्क थांबायचा. त्या रिकाम्या जागेत मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, उठायची, बोट दाखवायची. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसनेही मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' ही याच धर्तीची रेडिओ मालिका केली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड घातले आणि २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे मला पुरस्काराहून मोठं वाटतं. आणि अरविंद गुप्ता तर आपल्याच जातकुळीतले, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर! सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाडीच्या काड्या यांतून त्यांनी खेळणी केली, ती कशी करायची याचे व्हिडिओ सगळ्यांसाठी मोफत ठेवले आणि २०१८ मध्ये पद्मश्री मिळवली. व्हिडिओ बघायचा, पण खेळणं स्वतःच्या हाताने करायचं. हात आणि मशीन यांचं भांडण नाहीच मुळी. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी हात, मग तोंड, मग मशीन. आणि मशीनला गप्प बसता आलं पाहिजे. मी नेमकं उलटं केलं होतं.

आता कुणी म्हणेल, सात दिवसांत इंग्रजी येतं का? नाही येत. महिन्याभराने मी आणि रूममेट एसटीने पुन्हा गावी गेलो. बरेच शब्द मुलं विसरली होती. बहुतेक सेल उतरले होते. पण 'लाँग लेग' शिल्लक होता. इतका की शाळेतल्या सर्वात उंच मुलाचं नावच 'लाँग लेग' पडलं होतं! सर आता आपल्याच मोबाईलवर मुलांचं बोलणं रेकॉर्ड करतात, आठवड्यातून एकदा. त्याला ना प्रोजेक्टर लागतो, ना नेट, ना लाईन.

ज्यांना पुढच्या शिबिराला जायचंय त्यांच्यासाठी एक सूचना, माझ्या चुकांमधून आलेली. बटण सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. लहान भावंडं शाळेत येऊन बसतात आणि असा सेल गिळला तर जिवाशी खेळ होतो. आणि चुकलेलं वाक्य लगेच दुरुस्त करू नका. आधी दिवा लागला का ते बघा.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. मागच्या सेमिस्टरला व्हायवाला रूममेटचा नंबर आला. मी दारातून बघत होते. एक्स्टर्नलने प्रश्न विचारला, हिची मान खाली. म्हटलं, झालं, लागलं कुलूप. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, मे आय शो?" सरांनी मान हलवली. तिने ब्रेडबोर्ड ओढला, दोन वायरी काढल्या, एक जोडली आणि मग बोलायला लागली. "सर, नाऊ आउटपुट नॉट स्टेबल. आय पुट फीडबॅक. सी. नाऊ स्टेबल."

बाहेर आली तेव्हा घामाघूम. मला विचारलं, "ग्रामर चुकलं का वं?"

मी विचारलं, "दिवा लागला का?"

"हाव."

"मग झालं तर!"

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन
(मुलींचे वसतिगृह)